आण्णांचं इन्स्पेक्शन

युरोप टूरचे पैसे वसूल करायचे असतील तर सोबत एक निवृत्त टर्नर न्यावा. आमच्या आण्णांनी अख्खी नोकरी नगरच्या नागापूर एमआयडीसीत लेथवर काढली, त्यामुळे ते इटलीला गेले ते इन्स्पेक्शनलाच. टूर मॅनेजर पोरगा पुण्याचा, गोड बोलणारा. पहिल्याच दिवशी आण्णांनी त्याला विचारलं, "मेंटेनन्स कोण बघतं यांचं?" तेव्हापासून तो आमच्यापासून जरा लांबच चालायचा.

निघण्याआधी आईने साजूक तुपातले मेथीचे लाडू वळले होते. दूध-तुपाचे पदार्थ सामानातून युरोपात नेता येत नाहीत, असं माझ्या लेकीने सांगितलं, तर आई म्हणाली, "मग तिकडच्या बाळंतिणी काय खातात?" शेवटी लाडू शेजारी गेले, शेंगदाण्याची चटणी बॅगेत गेली आणि आईचा राग विमानात आला.

कलोसियमला गाइड ग्लॅडिएटर आणि सिंह रंगवून सांगत होती. आण्णा मात्र दगडाच्या भोकात बोट घालून उभे. भिंतीभर अशी भोकं. लेकीने गाइडला विचारून सांगितलं, की दगड एकमेकांना जखडायला आत लोखंडी पट्ट्या होत्या, मध्ययुगात लोकांनी त्या उचकटून नेल्या. आण्णांचा चेहरा उजळला. "म्हणजे भंगारवाले!" त्यांना रोम तिथे पहिल्यांदा ओळखीचं वाटलं. नागापुरात बंद शेडचं काय होतं, हे ज्याने पाहिलंय त्याला रोमन साम्राज्याचा अस्त वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पँथिऑनमध्ये मात्र माणूस गप्प झाला. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, जमिनीपासूनची उंचीही तेवढीच. काँक्रीटमध्ये एक सळई नाही, आणि बांधून झाली सुमारे १९०० वर्षं. वर मधोमध आठ-नऊ मीटरचं उघडं भोक. पाऊस थेट आत येतो आणि फरशीला दिलेल्या उतारावरून बारीक छिद्रांतून निघून जातो. आण्णा मान वर करून इतका वेळ उभे राहिले, की आईने त्यांच्या मानेला बाम लावला. मग लेकीने वाचून दाखवलं, की वर जाताना काँक्रीटमध्ये हलका ज्वालामुखीचा दगड घातलाय, वजन कमी व्हावं म्हणून. आण्णा हळूच म्हणाले, "आपल्या स्लॅबमध्ये त्यानं काय घातलं होतं रे?" आमचा स्लॅब तिसऱ्या पावसाळ्यात गळायला लागला. ठेकेदाराचं नाव इथे घेत नाही, जेवणाची वेळ आहे.

फ्लॉरेन्सबद्दल फार लिहीत नाही. ऊन होतं, रांग होती, आणि तो प्रचंड घुमट उभारणारा ब्रुनेलेस्की मुळात सोनारकाम शिकलेला, हे कळल्यावर आई म्हणाली, "तरीच. बारीक कामाची सवय."

पिसाला खरा तमाशा झाला. सगळं जग हात पुढे करून मनोऱ्याला टेकू देत फोटो काढत होतं. आण्णांनी खिशातून दोरा काढला. त्याला एक नट बांधलेला! तो ओळंबा डोळ्यासमोर धरून त्यांनी एक डोळा मिटला. आमच्या फोटोत मनोरा धूसर आणि नट स्पष्ट आलाय. ११७३ साली पाया घातला, खालची जमीन भुसभुशीत, तीन मजले चढेपर्यंत बांधकाम कललं. १९९० मध्ये मनोरा बंद केला, उंच बाजूच्या पायाखालची माती थोडी थोडी काढून तो चाळीसेक सेंटिमीटर मागे आणला आणि २००१ मध्ये पुन्हा उघडला.

"मग पूर्ण सरळ का नाही केला?"

"सरळ केला तर तिकीट कोण काढेल, आबा?" लेक म्हणाली.

आण्णांनी नट खिशात टाकला. "आमचा जॉब दोन सूत हुकला की सुपरवायझर भंगारात फेकायचा. हे लोक रिजेक्ट मालावर साडेआठशे वर्षं खातायत."

व्हेनिसला गोंडोलाचा सरकारी दर अर्ध्या तासाला ९० युरो. आईने रुपयात हिशेब केला आणि काठावर बसूनच होड्या पाहिल्या. "दाराशी पाणी आणि प्यायला विकतचं," म्हणाली, "मग आपली सीना नदी काय वाईट आहे?"

पाण्यावरून आठवलं. रोममध्ये रस्तोरस्ती वाकड्या नळीचे लोखंडी नळ आहेत, १८७४ पासूनचे, अडीच हजारांच्या आसपास, चोवीस तास वाहणारे. निजामशाहीत कापूरवाडीहून खापरी नळांनी नगरला पाणी आणणाऱ्यांच्या मुलखातला माणूस तिथे थांबणारच. नळीच्या वर एक छोटं छिद्र दिसलं, तसा आण्णांनी खालून तोटीला अंगठा लावला. वरच्या छिद्रातून कारंजं उडालं ते थेट टूर मॅनेजरच्या शर्टावर. ते छिद्र त्याचसाठी असतं: खाली दाबायचं, वर तोंड लावून प्यायचं. तेव्हा रोमला गेलात तर बाटलीबंद पाण्यावर पैसे घालवू नका. पाणी गार आहे, पिण्याचं आहे आणि फुकट आहे. फक्त अंगठा लावण्याआधी समोर कोण उभं आहे ते बघा.