ड्राफ्टचिंतामणी

‘ड्राफ्ट’ या शब्दाचे मराठी माणसाला आजवर दोनच अर्थ ठाऊक होते. पहिला, साहेबाने लाल पेनाने खोडून परत पाठवलेला कागद. दुसरा, बँकेच्या काउंटरवर तासभर उभे राहून काढलेला डिमांड ड्राफ्ट. तिसरा अर्थ मला ओहायो राज्यात, कोलंबस शहराजवळच्या एका घराच्या तळघरात, २४ एप्रिल २०२५ च्या रात्री कळला. ते घर आमच्या साडूंचे. त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस मी त्यांच्या शेजारी वही घेऊन बसलो होतो. प्रस्तुत प्रबंध हे त्या बैठकीचे फळ. या विषयावर मराठीत यापूर्वी ग्रंथ झालेला माझ्या पाहण्यात नाही, आणि व्हावा अशी मागणीही कुठून आलेली नाही. शास्त्राला एवढी अनुकूल परिस्थिती क्वचितच लाभते.

आधी लक्षण. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये बत्तीस संघ आहेत. कॉलेजात खेळून तयार झालेले गडी हे संघ दरवर्षी पाळीपाळीने निवडून घेतात, आणि आदल्या हंगामात जो शेवटून पहिला आला त्याला पहिली पाळी मिळते. ही कल्पना बर्ट बेल या फिलाडेल्फियाच्या संघमालकाची. त्याचा संघ सारखा हरत असे, एवढे सांगितले की कल्पनेचा उगम वेगळा शोधावा लागत नाही. पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाला. बेलने पहिला मान शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरला दिला. बर्वँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. पहिलाच प्रयोग फसला म्हणून शास्त्र बंद पडले, असे जगात कुठे होत नाही. इथेही झाले नाही. २०२५ साली ग्रीन बे या गावात तीन दिवस, सात फेऱ्यांत, २५७ नावे पुकारली गेली.

या नावांकडे पाहणारे लोक दोन जातींचे. व्यावसायिक संघाचा चाहता ‘आपल्याकडे कोण येतो’ ते पाहतो. त्याचा स्वार्थ उघड असल्यामुळे तो अभ्यासाला निरुपयोगी. कॉलेजचा चाहता ‘आपला कुठे जातो’ ते पाहतो. या व्यवहारात त्याला ना देणे ना घेणे, आणि तरी तो मांडवात वधुपित्यासारखा येरझाऱ्या घालतो. प्रबंध त्याच्याविषयी आहे.

आमचे साडू मूळचे मिरजेचे. १९९६ साली ते ओहायो स्टेट विद्यापीठात एम.एस. करायला आले, तेव्हा फुटबॉल पायाने खेळतात अशी त्यांची समजूत होती. पहिल्याच शरदात कुणीतरी त्यांना लाखभर माणसांच्या त्या स्टेडियमात नेऊन बसवले आणि तो प्रश्न कायमचा मिटला. मिशिगन विद्यापीठ हे ओहायो स्टेटचे पिढीजात वैरी. दोघांच्या सामन्याच्या आठवड्यात कोलंबसच्या कॅम्पसवर जिथे जिथे ‘एम’ अक्षर दिसेल तिथे लाल फुली मारतात. त्या आठवड्यात साडू मिरजेलाही ‘इरज’ म्हणतात, असा आमच्या ताईंचा, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींचा, आरोप आहे. साडूंनी तो नाकारलेला नाही.

आता पहिली रात्र. त्या वर्षी पहिल्या फेरीत प्रत्येक संघाला विचाराला दहा मिनिटे मिळत होती. क्लीव्हलँडचा संघ, जो ओहायोचा असल्यामुळे साडूंचाही आहे, त्याने आपली दुसरी पाळी दुसऱ्याला देऊन पाचवी घेतली, आणि पाचव्या पाळीला मेसन ग्रॅहम हे नाव पुकारले. ग्रॅहम मिशिगनचा. समोरच्या फळीत अडसरासारखा उभा राहणारा आडदांड गडी. ३० नोव्हेंबर २०२४ ला मिशिगनने कोलंबसमध्ये येऊन ओहायो स्टेटला १३-१० असे हरवले, तेव्हा हा गडी त्याच संघात होता. तळघरात शांतता पसरली. वैऱ्याचा मुलगा जावई म्हणून दारात उभा राहिला की यजमानाची जी अवस्था होते, तिला मी ‘वैरिजामातयोग’ असे नाव देतो. तिचा अवधी मी घड्याळ लावून मोजला. नऊ मिनिटे. दहाव्या मिनिटाला साडू म्हणाले, “तसा पोरगा गुणी आहे हो. मुळातला कॅलिफोर्नियाचा आहे.” जन्मगाव काढून केलेले हे शुद्धीकरण मला शास्त्रदृष्ट्या निर्दोष वाटले.

पुढे दहाव्या पाळीला मिशिगनचा आणखी एक गेला, तेराव्याला तिसरा. ओहायो स्टेटचा अजून एकही नाही, आणि हा संघ तर जानेवारीतच राष्ट्रीय विजेता ठरलेला. साडूंनी त्या वेळी मांडलेला सिद्धांत असा: “पहिल्या रात्रीला काही अर्थ नसतो.” मग एकोणिसाव्या पाळीला एमेका एग्बुकाचे नाव आले, टँपा बेसाठी, आणि साडू खुर्चीवरून उठले. चोविसाव्याला आणखी एक. अठ्ठाविसाव्याला टायलिक विल्यम्स. पण तो गेला डेट्रॉइटला, म्हणजे मिशिगन राज्यात. लेक दिली आणि वैऱ्याच्या गावात दिली. साडू उभे होते ते बसले. बत्तिसाव्या, म्हणजे फेरीतल्या शेवटच्या पाळीला चौथा गेला आणि मध्यरात्री निकाल जाहीर झाला: “आमचे चार, त्यांचे तीन. पहिली रात्रच खरी.” दोन सिद्धांतांमध्ये जेमतेम दोन-तीन तासांचे अंतर होते.

इथे मी एक उपसिद्धांत मांडतो आणि प्रबंधाची सगळी मदार त्याच्यावर आहे. कॉलेजच्या चाहत्याच्या गणितात बेरीज असते, वजाबाकी नसते. क्विन्शॉन जडकिन्स मिसिसिपीत शिकून-खेळून कोलंबसला आला, एक हंगाम खेळला आणि छत्तिसाव्या पाळीला क्लीव्हलँडने घेतला. साडूंच्या वहीत तो आमचा. विल हॉवर्ड कॅन्ससहून आला, तोही एकच हंगाम राहिला. तोही आमचा. ठीक, म्हटले, सून घरात आली की ती घरची. पण मग जो बरो? बरो कोलंबसला बाकावर बसला होता. त्याला खेळायला मिळेना म्हणून तो लुइझियानाला गेला, तिथे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी जिंकली, राष्ट्रीय विजेतेपद जिंकले आणि २०२० च्या ड्राफ्टमध्ये पहिला आला. त्या वर्षी दुसरा आणि तिसरा खरोखरच ओहायो स्टेटचे होते. साडू गेली पाच वर्षे ‘पहिले तिघे आमचे’ असे सांगत आले आहेत, कारण बरोने जाण्याआधी डिग्री कोलंबसचीच घेतली होती. लेक सासरी गेली तरी लेकच.

“मग ट्रॉफी कुणाची?” ताईंनी जिन्यातून विचारले.

“ट्रॉफी त्यांची. संस्कार आपले.”

“तुम्ही केलेत का संस्कार?”

यावर साडूंनी टीव्हीचा आवाज वाढवला. प्राचीन वादसभांतून ही पद्धत का नव्हती, याचे कारण उघड आहे.

श्रेयनिर्णय हे पुढचे प्रकरण, आणि इथे साडूंची प्रतिभा सर्वांत खुलते. ट्रॉय स्मिथ ओहायो स्टेटचा. २००६ ची हाइझमन त्याची. २००७ च्या ड्राफ्टमध्ये तो १७४ वा गेला. साडू म्हणतात, पारखणाऱ्यांना डोळे नव्हते. टॉम ब्रेडी मिशिगनचा. २००० साली १९९ वा गेला आणि पुढे सात सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचे अंतिम सामने, जिंकला. साडू म्हणतात, पारखणाऱ्यांचे अगदी बरोबर होते, मिशिगनमधून निघाला तेव्हा तो तेवढ्याच किमतीचा होता, पुढचे सगळे त्याला घेणाऱ्या न्यू इंग्लंडच्या संघाने शिकवले. एक घसरला म्हणून पारख खोटी, दुसरा त्याहून खाली घसरला म्हणून पारख खरी. नैयायिकांनी पाच हेत्वाभास मोजून ठेवले आहेत. त्यांना कोलंबसचे तळघर पाहायला मिळाले असते तर मोजणी पाचावर थांबली नसती.

एक शब्दटीपही इथेच द्यायला हवी. ओहायो स्टेटचे खेळाडू टीव्हीवर स्वतःची ओळख करून देताना नावाआधी ‘द’ हा शब्द असा ठासून उच्चारतात की पुढचे विद्यापीठ त्याचे शेपूट वाटावे. कपड्यांवर तो शब्द मिरवण्यासाठी विद्यापीठाने २०२२ साली त्याचा ट्रेडमार्कही मिळवला. मराठीत याला प्रतिशब्द नाही. साडूंनी ‘हीच ती’ असे भाषांतर सुचवले. ते ऐकून एखाद्या पोलीस ठाण्यातली ओळखपरेड डोळ्यांपुढे येते, म्हणून मी ते स्वीकारलेले नाही.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, चौथ्या फेरीत जॅक सॉयर गेला. हा कोलंबसजवळचाच पोरगा. नोव्हेंबरच्या त्या पराभवानंतर मिशिगनच्या खेळाडूंनी मैदानाच्या मध्यावर आपला झेंडा रोवायला घेतला, तेव्हा तो काठीवरून ओढून काढणारा सॉयरच. साडूंच्या फ्रीजवर त्याचा फोटो आहे. त्याला पिट्सबर्गने घेतले. पिट्सबर्ग हे क्लीव्हलँडचे वैरी आणि दोघांची गाठ वर्षातून दोनदा पडते. म्हणजे वैऱ्याचा ग्रॅहम आता घरात आणि घरचा सॉयर वैऱ्याकडे. साडू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “दोनदा त्याच्या विरुद्ध ओरडावं लागणार. बाकी पंधरा सामने त्याच्या बाजूने ओरडीन.” तीन दिवसांत त्यांनी केलेली ही एकमेव वजाबाकी. ती बरोबर होती, कारण हंगाम सतरा सामन्यांचा असतो.

संध्याकाळी अंतिम आकडा आला. ओहायो स्टेटचे चौदा गडी निवडले गेले, त्या वर्षी देशात सर्वांत जास्त. जॉर्जियाचे तेरा. साडूंनी चौदा हा आकडा फ्रीजवर चुंबकाने लावला.

पूर्वपक्ष असा येतो की, यात चाहत्याला मिळाले काय? पगार खेळाडूला मिळतो. व्यावसायिक संघ कॉलेजला त्यासाठी छदाम देत नाही. खरा लाभ प्रशिक्षकाचा. सतरा वर्षांच्या पोराच्या घरी जाऊन त्याच्या आईबापांना तो हाच आकडा दाखवतो आणि म्हणतो, आमच्याकडे पाठवा. चाहत्याच्या घरी कुणी जात नाही. त्याचे शिल्लक राहते एवढेच, की विजेत्या संघातून चौदा गडी निघून गेले आणि आता सप्टेंबरात खेळणार कोण? जो आकडा एप्रिलमध्ये अभिमानाचा, तोच ऑगस्टमध्ये भगदाडाचा. हा मुद्दा मी रविवारी सकाळी, पोहे खाताना, साडूंपुढे मांडला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग फ्रीजकडे पाहिले. “हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?” ते म्हणाले. पोहे तसेच राहिले. या प्रबंधाच्या नावातली चिंता ती ही.

मी मेमध्ये पुण्याला परतलो. पहिला सामना ३० ऑगस्टला कोलंबसमध्ये होता, टेक्सासशी. आपल्याकडे तोवर ३१ तारीख लागली होती. त्याच दिवशी गौरी यायच्या असल्यामुळे आमचे घर जागेच होते. रात्री एकच्या सुमारास साडूंचा फोन आला.

“जिंकलो. त्यांचे सात.”

“आणि आपले?”

“चौदा,” साडू म्हणाले.