तोटी, खण आणि अजबबंगला

ज्या वर्षी सरकारने आण्यांना पदच्युत करून नव्या पैशांना गादीवर बसवले, त्या १९५७ सालच्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या अकोल्याच्या घरावर एकाच आठवड्यात दोन आपत्ती कोसळल्या: न्हाणीघरातल्या बंबाची तोटी तुटली, आणि आत्याबाईंच्या नव्या वांगी रंगाच्या लुगड्याला साजेसा खण गावात मिळेनासा झाला. यांपैकी कोणती आपत्ती अधिक गंभीर, याविषयी घरात मतभेद होता. वडील दिवाणी न्यायालयात नाझर असल्यामुळे आणि जप्तीच्या मालाची फेरिस्त करण्यात त्यांची निम्मी हयात खर्ची पडली असल्यामुळे, त्यांनी तुटलेल्या तोटीचा प्रथम रीतसर पंचनामाच केला: ‘तोटी पितळी, जुनी, नग एक, चावीपासून निखळलेली, दुरुस्तीस अपात्र.’ मग ती वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. आत्याबाईंनीही आपल्या लुगड्याच्या टोकाची दोन बोटे रुंद चिंधी कापून, तिची पुडी करून कमरेला खोचली. लुगडेच का नेत नाही, असे आईने विचारले, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, “वहिनी, लुगडं पाहिलं की दुकानदार ऐपत ओळखतो. चिंधीवरून कोणाची ऐपत कळत नाही.”

अकोल्याच्या बाजारात वडिलांना जे ऐकावे लागले ते मी स्वतः ऐकले आहे. भांड्यांच्या पहिल्या दुकानदाराने तोटी हातात घेतली, उलटीपालटी केली, तिच्यातून आकाशाकडे पाहिले आणि सखेद मान हलवली. “तोटी एकटी नाई भेटत जी. बंब घ्या, त्याच्यासंगं तोटी येते.” दुसऱ्याने तोटीची घडण जुनी असल्याचे सांगितले, तिसऱ्याने ती नवी असल्याचे सांगितले, आणि चौथा, जो सर्वांत वयस्कर आणि म्हणून सर्वांत विश्वसनीय होता, तो म्हणाला, “हे अमरावतीचं काम हाये. अमरावतीले पाहा.”

खणाचीही हीच गत झाली. आमच्या आत्याबाईंच्या दृष्टीला वांगी या एका रंगात जितक्या पोटजाती दिसत, तितक्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनाही प्रत्यक्ष वांग्यात सापडल्या नसत्या. हा खण कोवळ्या वांग्याचा, तो देठाजवळचा, तो पलीकडचा तर भाजलेल्या वांग्याचा, असे म्हणत त्या एकेक खण बाजूला सारीत. मात्र रिकाम्या हाताने परतणे त्यांना अपशकुनी वाटत असल्यामुळे त्या दोऱ्याची रिळे तेवढी घेत; आणि ही खरेदी पाहण्यासारखी असे. सरकारी कोष्टकाप्रमाणे एका आण्याचे सहा नवे पैसे होत, परंतु तीन आण्यांचे एकोणीस. हे मर्म ज्या दिवशी आत्याबाईंना उमगले, त्या दिवसापासून त्यांनी तीन रिळे एकदम घेणे बंद केले. त्या एक रीळ घेत, सहा नवे पैसे मोजून देत, दुकानाची पायरी उतरत, पुन्हा चढत आणि दुसरे रीळ मागत. तिसऱ्या वेळी दुकानदार हात जोडून म्हणाला, “बाई, तो एक पैसा मीच देतो, पण तुमी बसा जी.” आत्याबाई बसल्या नाहीत. हा प्रश्न पैशाचा नसून राज्यव्यवस्थेतील न्यायाचा आहे, अशी त्यांची धारणा होती.

दिवाळीच्या सुटीत न्यायालय बंद झाले आणि आम्ही सहकुटुंब अमरावतीला निघालो. प्रवासाचे प्रयोजन म्हणून वडिलांनी अंबादेवीचे दर्शन सांगितले. तोटीचा उल्लेख त्यांनी केला नाही, पण ती खिशात होती. शिदोरीला दशम्या, लसणाची चटणी आणि तळलेल्या मिरच्या. कपाशीच्या वेचणीचे दिवस असल्यामुळे रुळांच्या दोन्ही अंगांना शेते पांढरी झाली होती, आणि मूर्तिजापूरला तर गाठींचे डोंगर रचलेले दिसले. तिथे पलीकडच्या फलाटाला यवतमाळ आणि अचलपूर या दोन दिशांना जाणारी, किलिक निक्सन कंपनीच्या मालकीच्या मार्गावरची अरुंद रुळांची गाडी उभी होती. देशातल्या मोठमोठ्या रेल्वे सरकारजमा झाल्या, पण आमच्या वऱ्हाडातला कापूस वाहण्यासाठी घातलेला हा मार्ग खाजगी कंपनीकडेच राहिला. त्या गाडीचे ते भावलीच्या खेळण्यातले वाटावे असे इंजिन पाहून धाकट्या भावाने ‘ही गाडी विकत घेऊ’ असा हट्ट धरला. वडिलांनी त्याची समजूत घातली नाही. ते त्या इंजिनाच्या पाण्याच्या नळाकडे निरखून पाहत होते. “तोटी उत्तम आहे,” एवढेच ते म्हणाले.

याच शेतांतला कापूस सरकीतून सुटून, गाठींत आवळला जाऊन, मुंबईच्या गिरण्यांत सूत आणि कापड होऊन, रंग चढवून, दलालांच्या आणि आडत्यांच्या हातांतून पुन्हा वऱ्हाडात येई आणि आमच्याच माणसांना तो आमचा म्हणून ओळखू येत नसे. परदेशी शिकून आलेल्या मुलाचे थोडेफार असेच असते. पण हे विचार मला आज सुचत आहेत. त्या वेळी मी मिरची संपवण्यात व्यग्र होतो.

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला उतरलो. अमरावती हे भोळे शहर आहे असे ज्याला वाटत असेल त्याने जवाहर दरवाजाजवळच्या कापडबाजारात एक दुपार घालवावी. पेंढाऱ्यांच्या भीतीने निजामाच्या अमदानीत, १८०७ च्या सुमारास, या गावाला दगडी परकोट घालण्यास आरंभ झाला. पेंढारी कधीच इतिहासजमा झाले, तरी आतल्या व्यापाऱ्यांना लुटारूंपासून सावध राहण्याची जी सवय त्या काळी जडली, ती आत्याबाईंसारखी गिऱ्हाइके पाहून त्यांनी सोडली नसावी. आम्ही एका पेढीवर पांढऱ्याशुभ्र गादीवर बसलो. पाणी आले, सुपारी आली, आणि ‘घेण्याचा आग्रह नाही, बघून तर घ्या’ हे वाक्य आले, ज्या वाक्याने आजवर कित्येक सद्गृहस्थांचे पगार आठ तारखेला संपवले असतील.

आत्याबाईंनी पुडी सोडली. त्या दोन बोटांच्या चिंधीसमोर दूर गुळेदगुड्डहून आलेले खण एकामागून एक उलगडले जाऊ लागले: रुद्राक्षकाठी, ठिपक्यांचे, चौकड्यांचे, हिरवे, डाळिंबी, मोरपंखी, चिंतामणी. पेढीवर रंगांचा एवढा ढीग झाला की त्यामागे वडील दिसेनासे झाले. आई प्रत्येक खणावरून हात फिरवून त्याचा पोत सांगत होती, शेजारी बसलेल्या दोन अनोळखी बायका मत देत होत्या, दुकानदार कोणता माल कुठून आला याचे निरूपण करीत होता. इतके ज्ञान, इतके कौतुक आणि इतके अवलोकन मी पुढे कोणत्याही शिक्षणसंस्थेत पाहिले नाही. चार वाजता आत्याबाईंनी चिंधी पुन्हा पुडीत बांधली आणि दुकानदाराला म्हणाल्या, “माल सुंदर आहे हो तुमचा.” आणि आम्ही उठलो. दुकानदाराने एक दीर्घ निःश्वास टाकून पहिला खण घडी घालायला घेतला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नाटक संपल्यावर पडदा गुंडाळणाऱ्या माणसाची असते तशी निर्विकारता होती.

संध्याकाळी देवीला गेलो. भगवान श्रीकृष्णांनी रुक्मिणीचे हरण याच देवळातून केले अशी इथली आख्यायिका आहे. लग्न जुळवायला देवाला या गावी एक फेरी पुरली. आमचा खण दिवसभरात जुळला नव्हता. गंमत अशी, की ओटीसाठी लागणारा देवीचा खण आत्याबाईंनी देवळाबाहेरच्या दुकानातून दोन मिनिटांत, रंगाकडे न पाहता, घासाघीस न करता घेतला. मी कारण विचारले. “देवी रंग पाहत नाही, भाव पाहते,” त्या म्हणाल्या. त्यांना भक्तिभाव म्हणायचे होते, वडिलांनी मात्र खणाच्या भावाचा अर्थ घेऊन, “किती पडला?” असे विचारले.

तोटीचा अर्ज अमरावतीच्या भांडेवाल्यांनीही फेटाळला. “हे नागपूरचं काम हाये जी.” उचित कार्यालयाकडे वर्ग करण्याचा हा शेरा वडिलांच्या परिचयाचा असल्यामुळे ते चिडले नाहीत. नागपूरला आईचे मामा होते, सुटीचे तीन दिवस शिल्लक होते, आणि आमच्या मास्तरांनी अजबबंगल्याचे वर्णन करून वर्गाला वेड लावले होते; तेव्हा आम्ही मुलांनी तोटीच्या पक्षाला बिनशर्त पाठिंबा दिला.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले, पण त्याला त्या नावाने ओळखणारा मनुष्य वऱ्हाडात शोधून सापडायचा नाही. अजबबंगला म्हणजे अजबबंगला. तिथे शिरताच आत्याबाईंनी चपला काढून हातात घेतल्या आणि डोक्यावर पदर ओढला, कारण पहिल्याच दालनात त्यांना मूर्ती दिसल्या. मूर्तींना हळदकुंकू नाही, समोर दिवा नाही, हे पाहून त्या व्यथित झाल्या. मग एका पाषाणी सुंदरीपुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. तिच्या गळ्यात हार होते, दंडांत बाजूबंद होते, कमरेला मेखला होती. चोळी मात्र नव्हती. आत्याबाईंनी तिच्याकडे अत्यंत सहानुभूतीने पाहिले आणि आईच्या कानात म्हणाल्या, “वहिनी, हिलाही मनाजोगता खण मिळालेला दिसत नाही.”

पुढच्या दालनात पेंढा भरलेला वाघ होता. धाकट्या भावाने त्याच्यासमोर दशमीचा तुकडा धरला, आणि वाघ खात नाही असे पाहून स्वतःच खाल्ला. आईला जुनी भांडी बघून उमाळा आला. खापराच्या एका रांजणाविषयी ‘असाच माझ्या माहेरी होता’ असे सांगत ती इतकी रमली, की तो रांजण शेकडो वर्षांपूर्वीचा असल्याचे मी वाचून दाखवले तेव्हा तिला तो माहेरचा अपमान वाटला. आत्याबाई शस्त्रांच्या कपाटाजवळ गेल्या आणि तिथल्या पहारेकऱ्याला त्यांनी शांतपणे विचारले, “हा अडकित्ता केवढ्याला?” तो अडकित्ता नसून कट्यार आहे आणि इथे काही विकत मिळत नाही, असे त्या भल्या माणसाने समजावले. “मग एवढं मांडून कशाला ठेवलंय?” हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नसावा. तो विचारात पडला. मीही तेव्हापासून अधूनमधून विचारात पडतो, कारण अमरावतीच्या पेढीवर आत्याबाईंना नेमके उलटे कोणी विचारले नव्हते: सगळेच विकत मिळत असताना तुम्ही नुसते बघत कशाला बसला आहात?

एवढ्यात वडील दिसेनासे झाले. शोधता शोधता ते एका काचेच्या पेटीपुढे, चष्मा कपाळावर चढवून, नाक काचेला टेकवून उभे असलेले सापडले. आत तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी होत्या. बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावी १८७० साली जमिनीत तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पत्रे असा प्रचंड साठा मिळाला. त्यांतल्या बऱ्याच वस्तू विलायतेला गेल्या, काही नागपुरास राहिल्या. तज्ज्ञ त्यांना सहस्रावधी वर्षांपूर्वीच्या ताम्रयुगातील मानतात. मी हे सर्व मोठ्याने सांगितले. वडिलांनी खिशातून आमची तोटी काढली, काचेवर धरून कुऱ्हाडीशी ताडून पाहिली, आणि जप्तीच्या यादीवर शेरा मारावा त्या स्वरात म्हणाले, “तांबे, नग चारशे चोवीस. पैकी तोटी, निरंक.”

पहारेकरी धावत आला. खिशातून धातूची पुरातन दिसणारी वस्तू काढून पुन्हा खिशात घालणाऱ्या मनुष्याविषयी त्याला जो संशय आला, तो स्वाभाविकच होता. वडिलांनी तोटी पुढे केली, तिचा सर्व इतिहास कथन केला, दोन्ही शहरांच्या भांडेवाल्यांचे शेरे सांगितले. पहारेकऱ्याने तोटी हातात घेतली, उलटीपालटी केली, तिच्यातून छताकडे पाहिले आणि मान हलवली. “इतवारीत पाहा,” तो म्हणाला.

इतवारीत पाहिले. तिथल्या तांबटाने एका दृष्टिक्षेपात निकाल दिला: ही घडण अकोल्याकडची आहे, अकोल्यालाच मिळेल. अशा रीतीने दीडशेहून अधिक मैल पूर्वेकडे जाऊन आमचे प्रकरण मूळ न्यायालयाकडे फेरचौकशीस परत आले.

रात्री उशिरा घरी पोहोचलो. आत्याबाईंनी पुडी न्हाणीघराबाहेरच्या कोनाड्यात ठेवली आणि सगळे निजले. पहाटे जाग आली ती बंबाच्या धुराने. आमच्या गैरहजेरीत घरच्या गड्याने बाभळीची एक खुंटी तासून ठेवली होती, आणि ती घट्ट बसावी म्हणून तिला हाताशी सापडलेली कसलीशी चिंधी गुंडाळून त्याने तोटीच्या भोकात ठोकली होती. “तोटी कायले पाह्यजे जी?” तो वडिलांना म्हणाला. “खुटी काढली का पानी येते, ठोकली का बंद होते.” वडील निरुत्तर होऊन अंघोळीला गेले. ते महिन्याभराने बंबाच्या पाण्याने मनसोक्त अंघोळ करीत होते, न्हाणीघरात अंधार होता, आणि ते स्तोत्र म्हणत होते, त्यामुळे त्यांना काही कळले नाही.

ते बाहेर आले तेव्हा प्रथम आई ओरडली. ज्या दुकानदाराने रंग गेल्यास पैसे परत करण्याची शपथ वाहून ते लुगडे विकले होते, त्याच्या शपथेची दोन बोटे चिंधी कढत पाण्यात पूर्णपणे विरघळली होती. वडिलांचा पंचा डागाळला होता, खांद्यांवर ओघळ उठले होते, आणि शुभ्र जानव्याचा पदर न् पदर गर्द वांगी झाला होता. आत्याबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. चिंधीचे काय झाले हे त्यांच्या ध्यानात आले असेलच. पण त्या संतापल्या नाहीत. त्यांनी जानवे दोन बोटांत उचलले, उजेडाकडे धरले, आणि कित्येक आठवड्यांत प्रथमच त्यांचा चेहरा उजळला.

“दादा, हाच! अगदी हाच!”

जानवे काढून देणे शास्त्राला धरून नसल्यामुळे पुढच्या रविवारी अमरावतीला जाताना आत्याबाईंनी बरोबर पुडी घेतली नाही, वडिलांना घेतले.