शेऱ्याचा रकाना

मनगटावरचे घड्याळ वेळ दाखवण्यासाठी असते, अशा समजुतीत ज्याने आयुष्याची 66 वर्षे काढली त्या मनुष्यास, कन्येने वाढदिवशी बांधलेल्या एका काळ्या पट्ट्याने ‘आपण फार वेळ बसला आहात, उठा’ असा हुकूम फर्मावावा, आणि त्या मनुष्याने, आपल्या हुकुमावर एके काळी तीन शिपाई उठत-बसत असत हे विसरून, खरोखरच उठावे, यापरती मानहानी ती कोणती? पण मी उठलो. आणि उठताना दोन्ही गुडघ्यांनी जो आवाज केला, त्याची दखल मात्र पट्ट्याने घेतली नाही.

माझी हयात भूमी अभिलेख खात्यात, सातारा जिल्ह्यातले बांध मोजण्यात गेली. अर्ध्या गुंठ्यासाठी सख्खे भाऊ कुऱ्हाडी परजून उभे असता त्यांच्या मधून साखळी टाकून गेलेला मी, आता आपलीच मोजणी होणार म्हटल्यावर, खोटे कशाला सांगू, सुखावलो. दुःख निर्माण केले ते विहीणबाईंनी. कन्येने कुटुंबातल्या सर्वांची पावले एकाच तक्त्यात दिसतील अशी तजवीज करून ठेवली होती, आणि त्या तक्त्याच्या शिरोभागी नागपूरच्या विहीणबाई रोज 11,000 पावलांनी विराजमान असत. वरपक्षाचा मान राखावा हे मला मान्य आहे. तो 7,000 पावलांच्या फरकाने राखावा असे कोणत्याही धर्मशास्त्रात सांगितलेले नाही.

लवकरच मला शोध लागला की हे यंत्र पाय मोजतच नाही, ते हाताचे हिसके मोजते आणि त्यावरून पावलांचा अदमास बांधते. गणपतीत पाच आरत्यांच्या टाळ्यांनी, देवासमोरून तसूभर न हलता, माझ्या खाती 600 पावले जमा झाली. उलट मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घामाघूम होत घरी आलो, तेव्हा हात हलले नाहीत या सबबीवर सरकारदरबारी जवळजवळ काहीच रुजू झाले नाही. गावात ज्या मोजणीदारास असे वागताना पाहिले असते त्याची मी खातेनिहाय चौकशी लावली असती. येथे मी आरत्यांची संख्या वाढवली.

आता घड्याळवाले रोजची म्हणून नेमून देतात ती 10,000 पावले कोठून आली, हे सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. तोक्योच्या ऑलिंपिकनंतर, 1965 मध्ये, जपानात कमरेला लावायचे एक यंत्र विक्रीस आले. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा कानाला गोड आणि विक्रीला सोयीचा, एवढ्या भांडवलावर तो जगभर आरोग्याचा कायदा होऊन बसला. पण त्याच्या बरोबर 100 वर्षे आधी, 1865 मध्ये, आमच्या धंद्यातला एक महापुरुष हाच आकडा हातात घेऊन चालला होता, याचा उल्लेख हे घड्याळवाले करीत नाहीत. कुमाऊँमधल्या मिलम गावचे शाळामास्तर पंडित नैनसिंह रावत यांना सर्वेक्षण खात्याने डेहराडूनला नेऊन, चढ असो वा उतार, सारख्याच लांबीचे पाऊल टाकण्याची तालीम दिली, आणि परक्यांना बंदी असलेल्या तिबेटात यात्रेकरूच्या वेषात धाडले. त्यांच्या हाती जपमाळ होती. जपमाळेचे मणी 108 असतात हे पोरासोरांसही ठाऊक. पंडितांच्या माळेत ते 100 होते. दर 100 पावलांस एक मणी ओढायचा. म्हणजे माळ पुरी झाली की 10,000 पावले, मैलाला सुमारे 2,000 या हिशेबाने पाच मैल. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी मोजणीची टिपणे. ओठांवर जप, बोटांत खाते! नोंद चुकू नये म्हणून हा मनुष्य ल्हासापर्यंत आणि परत असे शेकडो मैल एकाच मापाचे पाऊल टाकीत गेला, आणि 1877 मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यास सुवर्णपदक दिले. मला आरतीच्या टाळ्या आठवून त्या रात्री झोप आली नाही.

त्या आवेशात, एका सकाळी गुडघे अकल्पितपणे गप्प आहेत असे पाहून, मी अजिंक्यतारा किल्ला चढलो. तक्त्यात 13,400. विहीणबाई दुसऱ्या. पुढचे चार दिवस कमरेपासून पोटऱ्यांपर्यंत सर्व स्नायूंनी असहकार पुकारला, आणि मनगट दर तासाला थरथरून ‘उठा’ म्हणत राहिले.

फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या कन्येहूनही लहान. “काका, दुखणं शून्य ते दहामध्ये किती?” मी सवयीने म्हणालो, “दहा आणे.” जुनी 33 फुटांची साखळी सोळा आण्यांची असे, हे तिला कोठून ठाऊक असणार? तिने शांतपणे सगळे ऐकले. “फार दिवस दुखत राहिलं ना, की मज्जातंतूच हळवे होतात. दर वेळी आत काही नवीन मोडतं असं नाही. पण चांगल्या दिवशी उधळायचं नाही आणि वाईट दिवशी शून्यावर यायचं नाही.” किल्ला वगळून आठवड्याची सरासरी काढून तिने मला 3,000 पावले नेमून दिली, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबण्याचा व्यायाम दिला, आणि दर आठवड्यास जेमतेम दोनशे पावलांची वाढ मंजूर केली. तीस मणी! एवढी तुटपुंजी नेमणूक मला कोणत्याही साहेबाने दिली नव्हती.

तरी ती पाळतो आहे. राग आहे तो एवढ्याचाच की या यंत्राच्या दप्तरात शेऱ्याचा रकाना नाही. आमच्या खात्यात कसलाही तक्ता शेऱ्यावाचून पुरा होत नसे. येथे 900 पावले म्हणजे आळस. ती नऊशे कशी टाकली, हे लिहायला जागा नाही.

आणि मग आठवतो माझा साखळी ओढणारा शिपाई. ऐन उन्हात नांगरटीतून चालताना तो मागे पडे, उजवा पाय किंचित ओढी, आणि विचारले तर “काय नाय साहेब, जरा आखाडलाय” एवढेच म्हणे. त्याच्याबाबत मजजवळ रकाना होता. त्यात मी, माझ्या सुवाच्य अक्षरात, लागोपाठ दोन वर्षे लिहिले आहे: ‘कामात चालढकल करतो.’ त्याची वेतनवाढ त्यामुळे अडली की नाही, हे मी कधी पाहिले नाही.

आता वाण्याकडची एक लाल वही आणली आहे आणि फुटपट्टीने रकाने आखले आहेत. कालची नोंद अशी:

मणी 31. टॉवेल दोन वेळा. शेरा: पहाटेपासून पाऊस. डावा गुडघा बारा आणे, दुपारनंतर नऊ. जिना उतरताना कठड्याला धरले. टाळ्या वाजवल्या नाहीत. विहीणबाई 11,240.