ताडपत्री पास करणारे अण्णा

पितृपंधरवडा सरला की परळीच्या मोंढ्यात ताडपत्र्यांचे गठ्ठे दुकानाबाहेर येतात आणि त्यांच्या मागोमाग अण्णा येतात. अण्णांचं दुकान नाही, कुठल्या दुकानात भागीदारी नाही, आणि स्वतःसाठी ताडपत्री घेतलेली तर कुणाच्या आठवणीत नाही. तरीही दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांत उचल किती मिळाली याच्या खालोखाल विचारला जाणारा प्रश्न हाच, "ताडपत्री अण्णाला दाखीवली का?"

अण्णांनी आधी कोयता धरला, मग टोळी चालवली. आता गुडघे गेले, म्हणून फड सुटला. पण सहा-सहा महिने कोपीत, म्हणजे ताडपत्रीच्या झोपडीत, काढलेल्या माणसाला छपराचं जे वेड लागतं, ते काही सुटलं नाही. पिवळी, निळी, काळी, कॅनव्हासची, कोणतीही ताडपत्री दिसली की ते थांबतात. लग्नाच्या मांडवात लोक जेवणाकडं बघतात, अण्णा वर बघतात. आषाढीच्या आधी शेगावहून गजानन महाराजांची पालखी परळीवरून जाते, तेव्हा हेही दर्शनाला जातात आणि पालखीच्या पाया पडून झालं की राहुट्यांचे दोर कसे ताणलेत ते बघत फिरतात. एका दोराची गाठ सोडून नीट बांधून दिल्याशिवाय त्यांना पुण्य लागत नाही.

त्यांची परीक्षा बघण्यासारखी असते. आधी वास. मग अंगठ्याच्या नखानं कोपरा खरवडायचा. वरचा थर पापुद्र्यासारखा निघाला तर ताडपत्री तिथंच नापास. मग कडेची पट्टी चाचपून आत दोरी आहे का नुसतीच दुमडून शिवलीय ते बघायचं. मग डोळे, म्हणजे दोर ओवायच्या त्या ॲल्युमिनियमच्या रिंगा. प्रत्येकीत बोट घालून अण्णा असा हिसका देतात की शेठच्या पोटात गोळा येतो. आणि शेवटी ऊन. ताडपत्रीची एक घडी उलगडायची, पोरांना दोन टोकं धरायला लावायची, स्वतः तिच्याखाली शिरायचं आणि सूर्याकडं तोंड करून सुईएवढी भोकं शोधायची. भर मोंढ्यात हा विधी चालतो. रिक्षावाले हॉर्न वाजवतात, आतून अण्णांचा आवाज येतो, "थांब रे, एक सापडलंय."

शेठ पहिल्यांदा चहा मागवतात. अण्णा घेत नाहीत. "आधी निकाल, मग चहा. चहा पिलं की निकाल बदलतो."

एकदा शेठनं ठासून सांगितलं, माल दोनशे जीएसएमचा आहे. म्हणजे एका चौरस मीटरला दोनशे ग्रॅम. अण्णा चौथी शिकलेत, पण हा हिशेब त्यांना तोंडपाठ आहे. अठरा बाय चोवीस फुटांची ताडपत्री साधारण चाळीस चौरस मीटर भरते, दोनशेची असेल तर आठ किलो व्हायला हवी. अण्णांनी ती उचलून खांद्यावर टाकली, दोन पावलं चालले आणि म्हणाले, "साडेसहाच्या वर न्हाई." शेजारच्या भुसाराच्या काट्यावर ठेवली. सहा किलो चारशे. म्हणजे एकशे साठची. शेठनं "छापणाऱ्याची चूक असंल" म्हणून लेबल काढून खिशात घातलं. विशेष म्हणजे शेठ अण्णांवर चिडत नाहीत. कारण अण्णांनी पास केलेली ताडपत्री भाव न करता खपते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

पुण्याचा भाचा गेल्या हिवाळ्यात तंबू घेऊन आला. तो हिंजवडीत नोकरीला, मित्रांबरोबर पवना धरणाच्या काठी मुक्कामाला जातो. पिशवीतून काढला, दोन लवचीक काड्या खोवल्या आणि अंगणात घुमटासारखा तंबू उभा राहिला. सगळी गल्ली जमली. अण्णा भोवती फिरले. वास घेतला.

"मामा, थ्री थाउजंड एमएम वॉटरप्रूफ आहे," भाचा म्हणाला.

"तीन हजार मिलीमीटर?" अण्णांनी कपाळाला हात लावला. "आरं, आपल्याकडं सात-आठशे झाला तरी पेढे वाटत्यात. चार वर्षांचा पाऊस एका तंबूवर कशाला पाडायलास?"

भाच्यानं समजावलं, तो आकडा पावसाचा नाही. कापडावर उभ्या नळीत पाणी भरत गेलं, तर तीन मीटर उंचीपर्यंत ते झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. अण्णांना हे पटलं, नव्हे आवडलं. आता ते मोंढ्यात शेठलाही विचारतात, "नळी किती मीटरची?"

पण पुढं भाचा म्हणाला की हा तीन ऋतूंचा आहे, चार ऋतूंचा महाग पडतो. तिकडं थंड मुलखात चौथा ऋतू म्हणजे बर्फ आणि वादळ, त्यासाठी काड्या जाड आणि कापड भक्कम लागतं. अण्णा म्हणाले, "आपला चौथा ऋतू म्हंजे अवकाळी. त्याचा हाय का?" 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागाला गारपिटीनं झोडपलं, तेव्हा अण्णा सोलापूरकडं फडात होते. ती गारपीट त्यांनी बैलगाडीखाली बसून काढली. तेव्हापासून गारेपुरतं त्यांचं मत ठाम आहे: कोणतीच ताडपत्री घेऊ नका, गाडी घ्या.

तंबूत त्यांनी दोन गोष्टी मात्र वाखाणल्या. एक, वरचं कापड आतल्या कापडाला चिकटत नाही, मधे हवा खेळते. नुसत्या प्लास्टिकखाली झोपलं की पहाटे छपराला आतून घाम सुटतो आणि पाऊस नसतानाही अंथरूण भिजतं. कोपीत म्हणूनच आधी बांबूच्या कांबी वाकवायच्या, त्यावर तट्ट्या, जमलं तर उसाचं पाचट आणि मगच ताडपत्री. दुसरी गोष्ट, खालचं कापड बाजूंनी वितभर वर घेतलंय. "पर चर कुटं खांदायचा?" हा प्रश्न उरलाच. पाणी वरून येतं त्यापेक्षा खालून जास्त येतं, हा अण्णांचा सिद्धांत, आणि परातीसारख्या सखल जागेत बिऱ्हाड टाकणाऱ्या कुणालाही तो एका रात्रीत पटतो.

रंगाबद्दल परळीत बोलायची सोय नाही. 1971 पासून इथं औष्णिक वीजनिर्मिती सुरू आहे. बाहेर चार दिवस टाकली की निळी असो की पिवळी, ताडपत्री राखेच्या रंगाची होते. तरी अण्णांचा क्रम आहे. काळी उन्हात तापते, पण रात्री उजेड बाहेर जाऊ देत नाही. निळी स्वस्तातली असेल तर एका उन्हाळ्यात कुजून भुगा होते. पिवळीत माणूस काविळीचा दिसतो.

यंदा एक नवं जोडपं आलं होतं. पहिलाच हंगाम. नवऱ्यानं बारा बाय पंधराची चकचकीत ताडपत्री काखेत मारून ठेवली होती, स्वस्त आणि हलकी. अण्णांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. ते बायकोला म्हणाले, "ताई, तू सांग. राहायचं तुला हाय. चूल आत का बाहेर?"

ती आधी बोलेना. मग पदर सावरत म्हणाली, "चुलीचं बगू वो अण्णा. पर आत उभं राहता आलं पायजे. आईसंग गेलते तवा वाकून लुगडं नेसावं लागायचं."

अण्णा गप्प झाले. वास नाही, नख नाही, सूर्य नाही. शेठला म्हणाले, "अठरा-चोवीसची काढ. खरी दोनशेची." पैसे कमी पडत होते. अण्णा आणि शेठ दुकानाच्या मागं गेले, काय बोलले कळलं नाही. परत आले तेव्हा अण्णांनी पहिल्यांदाच निकालाआधी चहा घेतलेला दिसला, आणि ताडपत्री बारा-पंधराच्या भावात गेली.

तुम्हाला परळीत ताडपत्री घ्यायची असेल, तर बाराच्या सुमाराला जा. ऊन डोक्यावर असल्याशिवाय अण्णा निकाल देत नाहीत. घरातल्या बाईमाणसाला बरोबर न्या. आणि चहाचे पैसे तुम्ही द्या, शेठचं यंदा बरंच गेलंय.