निवांत या!

जळगावचे नाना ‘निवांत या’ म्हणाले की समजावं, आता सकाळी सातला फोन येणार. असे एक नाना तुमच्याही ओळखीत असतीलच. नसतील तर तुम्ही खानदेशातले नाही.

आमंत्रण गुरुवारी येतं. “काही नाही भो, रविवारी साधं भरीत करू. चार माणसं. निवांत या.” रविवारी धुळ्यात आमचे दात घासून व्हायच्या आत पहिला फोन, “कुठपर्यंत आले?” पारोळ्याला दुसरा, “घाई नका करू, निवांत या. पण वांगी जाळात टाकली बरं का!” मग एरंडोल, मग पाळधी, आणि बांभोरीच्या पुलावर गिरणा दिसते न दिसते तोच पुन्हा, “कुठपर्यंत आले?” एकदा मुलाने वैतागून सांगितलं, “नाना, आम्ही अजून अंथरुणातच आहोत.” पलीकडे इतकी शांतता पसरली की बायकोने घाबरून फोन हिसकावून घेतला.

चार माणसं म्हणजे दारात चपलांचा ढीग. गच्चीवर कपाशीच्या काट्यांचा जाळ, त्यात बामणोदची हिरवट-पांढरी, थोराड वांगी, आणि धुरात डोळे चोळत नाना. गॅसवर वांगं भाजणारा माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, असं ते मानत नाहीत. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून ते स्वतःलाच मिळाल्यासारखे वागतात. इंग्रजांनी १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, ते वांग्यावरूनच, हा त्यांचा सिद्धान्त. आम्ही पश्चिमेकडचे, म्हणजे वांग्याला मुकलेले. आमच्या पानात जास्त वाढायचं, हे त्यामुळे ओघानंच आलं.

लाकडी बडगीत भाजकी मिरची आणि लसूण ठेचून होतो, वांगी पडतात, वर कांद्याची पात आणि हात सैल सोडून तेल. पंगत बसते. नाना बसत नाहीत. “निवांत जेवा” म्हणत ते पाठीशी उभे राहतात. पानावर हात आडवा धरला तर पुरी हातावर पडते. पुऱ्या कशाबशा संपवल्या की कळण्याची भाकरी येते, कारण पुरी हे नानांच्या लेखी जेवण नव्हेच. भाकरीचा अर्धा चतकोर राहिला, आपण कंबरेचा पट्टा सैल करतोय, आणि मागून आवाज येतो, “कुठपर्यंत आले?”

हे चाललेलं असताना खाली काकू पुऱ्या तळत असतात. कणीक त्यांनी मळलेली, पात त्यांनी चिरलेली, कळण्याचं पीठ त्यांनी दळून आणलेलं. भरीत मात्र नानांचं. गच्चीवरची वाहवा जिना उतरून स्वयंपाकघरापर्यंत जात नाही. काकू कधी जेवतात, असं एकदा विचारलं तर नाना म्हणाले, “ती जेवते मागून, निवांत.” मागून म्हणजे चारला, बडगी खरवडून.

इतकं असून या माणसाशी संबंध तोडता येत नाही. आई जळगावला दवाखान्यात होती तेव्हा नाना रोज डबा घेऊन यायचे. जिन्याजवळच्या बाकावर डबा उघडायचा, मी दोन घास खाऊन हात आखडता घेतला की मुकाट्याने झाकण लावायचं आणि शेजारी बसून राहायचं. आग्रह म्हणून नाही. त्या आग्रहावाचून मला चुकल्यासारखं वाटायचं, हे त्यांना कधी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. आईला घेऊन आम्ही परत निघालो तेव्हा पाळधी, एरंडोल, पारोळा, सगळं मागे पडलं तरी फोन वाजला नाही. धुळ्याला पोचलो तर नाना आमच्याआधी येऊन ओट्यावर बसलेले.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा ‘साधं भरीत’ झालं आणि सातला फोन आला.

तुम्हालाही असं बोलावणं आलंच तर नाही म्हणू नका. घरून काही खाऊन निघू नका, फोन चार्ज करून घ्या, आणि पोचल्यावर गच्चीवर जाण्याआधी एवढं करा : स्वयंपाकघरात सांगून काकूंच्या वाटचं भरीत आधी बाजूला झाकून ठेवायला लावा. नाना विचारायला लागले तर खुशाल माझं नाव सांगा.