हा भूपच!

सवाईच्या मांडवात ते नेमके आपल्या शेजारच्या खुर्चीवर असतात. गायकाने आलाप सुरू केला न केला तोच त्यांची तर्जनी वर जाते, डोळे मिटतात आणि कुजबुज म्हणून काढलेला आवाज पुढच्या तीन रांगांना ऐकू जातो, ‘पूरिया!’ दोन मिनिटांनी, ‘छे, मारवा.’ बंदिश सुरू होऊन सोहनी असल्याचं सिद्ध झालं, की मान हलवत, ‘सूर तेच हो तिघांचे. म्हणत नव्हतो?’

असा एक तरी वाचकांच्या ओळखीत आहेच, तेव्हा प्रस्तावना पुरे. ज्या काकांबद्दल सांगायचं आहे, त्यांची तर्जनी तीन दिवस विल्टशरच्या चिखलात वर होती.

काका पुण्याचे. निवृत्त, सोसायटीचे माजी खजिनदार, आणि आता सहा महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे स्विंडनला. जुलै उजाडेपर्यंत त्यांनी डिशवॉशरमध्ये भांडी रचायची शास्त्रशुद्ध पद्धत जावयाला शिकवून संपवली होती. पुढचा विषय वॉशिंग मशीन असणार हे ओळखून लेकीने घाईघाईने वोमॅडची तिकिटं काढली.

वोमॅड म्हणजे जगभरच्या संगीताचा उत्सव. २००७ ते २०२४ या काळात तो माम्सबरी गावाजवळच्या चार्लटन पार्क या उमरावी इस्टेटीवर, जुलैच्या शेवटी शेवटी भरत असे. एरवी शांत असलेल्या त्या हिरवळीवर तंबूंचं गाव वसायचं आणि त्याच्यावर उंच काठ्यांना लावलेले रंगीत झेंडे फडफडत असायचे. झेंडे दिसताच काका गाडीतूनच म्हणाले, ‘ही तर वारी!’ बिअरचा तंबू दिसल्यावर त्यांनी हे विधान मागे घेतलं.

शुक्रवारी दुपारी पहिला गट मालीचा होता, वासुलू भागातला. त्यांच्याकडे कामेले न्गोनी नावाचं वाद्य होतं. भोपळ्याचं, कातडं ताणलेलं, त्या भाषेत ‘तरुणांची वीणा’. वादकाने तार छेडली. तर्जनी वर गेली.

‘भूप!’

लेक म्हणाली, ‘बाबा, ते आफ्रिकेचं आहे.’

‘असू दे की. भूपच आहे.’

त्यानंतर स्कॉटलंडचा फिडलवाला आला. भूप. त्यानंतर मंगोलियाचं पथक आलं, टोकाला घोड्याचं डोकं कोरलेलं दोन तारांचं मोरीन खूर घेऊन. ‘दोन तारांतसुद्धा भूप सोडत नाहीत, बघ!’ सहाराच्या वाळवंटातल्या तुआरेग गिटारवाल्यांनी स्वच्छ कोमल गंधार लावला तेव्हा जावयाला वाटलं, सुटलो. काकांनी करुणेने त्याच्याकडे पाहिलं. ‘भूपच. नुसता षड्ज हलवलाय. भुपाच्या धैवताला सा धर, धानी होते. गंधाराला धर, मालकंस. पंचमाला, दुर्गा. ऋषभाला, मेघाच्या घरातलं काहीतरी. मूर्च्छना म्हणतात याला. घर एकच, दार कुठलंही उघड.’

जावयाने त्या दिवशी प्रथमच बिअरचा तंबू कुठे आहे याची चौकशी केली.

या माणसाचा खरा ताप असा, की तो चुकत नाही. पाच सुरांचं सप्तक (काका लगेच दुरुस्त करतील, ‘औडव म्हणा’) हे कुणा एका देशाचं नाहीच. षड्जापासून पंचम घ्या, त्या पंचमाचा पंचम घ्या, असे चार वेळा गेलात की हाती जे पाच सूर उरतात तो भूप. बांबू, भोपळा, घोड्याचे केस, हाताला जे लागलं त्यातून माणसांनी ठिकठिकाणी तेच सूर काढले. म्हणजे ‘हा भूपच’ हे वाक्य निम्म्या जगाबद्दल खरं ठरतं, आणि म्हणूनच दिवसातून अकरा वेळा ऐकवत नाही.

बरं, ओळखून ते गप्प बसतील तर ते काका कसले! संध्याकाळी आठ वाजता मुख्य रंगमंचावर पुन्हा पंचसुरी काहीतरी सुरू झालं आणि काका अस्वस्थ झाले. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, आणि डोक्यावर तर लख्ख ऊन. ‘सूर्य असताना भूप? काय चाललंय काय!’ इंग्लंडात त्या दिवसांत सूर्यच नऊला मावळतो, हे जावयाने समजावलं. काकांनी सूर्याकडे असं पाहिलं, जणू हजेरीपुस्तकात सही न करता बाहेर गेलेला कारकूनच.

शनिवारी रोग स्वयंपाकघरापर्यंत पोचला. वोमॅडमध्ये एक झकास प्रकार असतो, गाणारे-वाजवणारे कलाकार लोकांसमोर आपल्या घरचा पदार्थ रांधतात आणि मधूनमधून वाजवतात. एका पश्चिम आफ्रिकन गायिकेने माफे केलं. शेंगदाण्याचा दाटसर रस्सा, भातावर वाढलेला. तर्जनी!

‘दाण्याची आमटी!’

ते उठून पुढे गेले आणि तिला खुणांनी व इंग्रजीने सांगू लागले, की दोन आमसुलं हवी होती. लेकीने टोपी डोळ्यांवर ओढली. बाईंनी हसून त्यांच्या ताटलीत आणखी एक डाव वाढला.

उत्सवाच्या आयोजकांबद्दल मात्र काकांना आदर होता, तोही संगीतापेक्षा हिशेबामुळे. पहिला वोमॅड १९८२ च्या जुलैमध्ये शेप्टन मॅलेटला झाला. त्यामागे पीटर गॅब्रिएल हा रॉक गायक होता. बुरुंडीचे ढोलवाले आणि इंग्लिश बँड एकाच मैदानात वाजले, गाजले, आणि आयोजक कर्जात बुडाले. तेव्हा गॅब्रिएलच्या जुन्या बँडने, जेनेसिसने, त्याच ऑक्टोबरमध्ये मिल्टन कीन्सला त्याच्यासोबत एक कार्यक्रम केला आणि ते कर्ज फेडायला हात दिला. ‘सोडून गेलेल्या माणसासाठी पुन्हा एकत्र आले!’ माजी खजिनदार गहिवरले. त्यांच्या सोसायटीत गणपतीची तूट निघाली होती, तेव्हा जुने सभासद फोन उचलत नव्हते.

आणि ‘वर्ल्ड म्युझिक’ हे नाव? त्याची हकीकत जावयाने रात्री तंबूत मुद्दाम काढली, काकांना चिमटा म्हणून. २९ जून १९८७ रोजी लंडनच्या एका पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची मंडळी जमली. मालीची, बल्गेरियाची, पाकिस्तानची तबकडी कुठल्या फळीवर ठेवायची हे दुकानदारांना कळत नव्हतं. मंडळींनी ठरवलं, सगळ्यांना मिळून एकच नाव देऊ. उरलेलं अख्खं जग एका कप्प्यात!

काका म्हणाले, ‘मग माझं काय चुकलं? मी निदान सूर ऐकून कप्पा लावतो.’

जावयाला उत्तर सुचलं नाही. प्रामाणिकपणे पाहिलं तर अजून कुणालाच सुचलेलं नाही.

तर, आता नाइलाजाने दोन बऱ्या गोष्टी. त्या माळावर शेकडो लोक मान डोलवत होते. त्यांतले किती ऐकत होते कोण जाणे, काका ऐकत होते. पाऊस आला तेव्हा लोक पांगले, काका प्लॅस्टिकची पिशवी डोक्यावर धरून उभे राहिले, कारण ‘वाजवणारा अजून वाजवतोय’. नातवाला त्यांनी न्गोनीच्या तारा मोजायला लावल्या. आणि लेकीने एक गोष्ट सांगितली, जी काका स्वतः सांगत नाहीत. लहानपणी ते पेटी शिकायला जात. बहुतेकांसारखा त्यांचाही पहिला राग भूप. तो जेमतेम बसला आणि घरातली फी थांबली. पुढचं सगळं त्यांनी रेडिओवर, सवाईच्या भारतीय बैठकीत आणि किशोरीताईंच्या तबकड्यांतून उचललं. पण हाताने वाजवलेला राग तेवढा एकच.

रविवारी संध्याकाळी झाडांच्या बनातल्या रंगमंचावर इथिओपियाची गायिका होती. ऊन फांद्यांतून तिरपं येत होतं. तिने सूर लावला, आणि या वेळी मूर्च्छनेची, षड्ज हलवण्याची काहीच गरज नव्हती. सा, रे, ग, प, ध. तीन दिवसांतला सगळ्यात निर्मळ भूप. तर्जनी वर गेली.

शेजारच्या घडीच्या खुर्चीवर पांढरी ओढणी घेतलेल्या एक आजी बसल्या होत्या. त्या रडत होत्या, आवाज न करता, पदराने नाकही न पुसता. काकांनी चाचरत इंग्रजीत विचारलं, बरं वाटत नाहीये का? त्या म्हणाल्या, ‘तिझिता.’ मग काकांना समजलं नसेल म्हणून इंग्रजीत सांगितलं, की हे त्या गाण्याचं नाव, त्या सुरांचंही नाव, आणि आमच्या भाषेत आठवणीलाही हेच म्हणतात.

तर्जनी हळूहळू खाली आली. काकांनी पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि त्यांच्यापुढे धरला.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोलत नव्हतं. माम्सबरी मागे पडल्यावर लेकीला राहवलं नाही.

‘बाबा, शेवटचा भूप होता ना हो?’

काका खिडकीबाहेर बघत होते. बाहेर आता कुठे अंधारायला लागलं होतं.

‘नव्हता,’ ते म्हणाले.