ब्रेकव्हॅनमधले नाना

अमरावतीत राजापेठेच्या मागच्या आमच्या गल्लीत वासुदेव नावाचा एकही माणूस राहत नाही. तरी एखाद्या पाहुण्यानं ‘वासुदेवाचं घर कोणतं?’ असं विचारलं, तर लहान पोरगंसुद्धा नानांच्या फाटकाकडे बोट दाखवतं. मोरपिसांची टोपी घालणारा खरा वासुदेव टाळ वाजवत येतो, तेव्हा तो आल्याचं कळतं. नानांना टाळ लागत नाही. रविवारी साडेदहाच्या सुमारास त्यांच्या गॅसवर लोखंडी तवा चढतो, तव्यावर कोरडी सुकट पडते आणि समोरच्या माडीपासून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत खिडक्या-दारं धडाधड लागायला सुरुवात होते.

नाना खाण्याचे शौकीन आहेत हे काही खरं नाही. गिला वडा म्हणजे अमरावतीचा जीव की प्राण. नाना त्याला लेकरांचं खाणं म्हणतात. पनीर त्यांच्या लेखी दुधाचं खोडरबर. पुरणपोळीचं ताट पुढे आलं की ते सणापुरतं उष्टावतात आणि हात धुतात. त्यांचा जीव रमतो तो सुकटीत, सुक्या बोंबलात, झिंग्यांत, चुन्याच्या पाण्यानं धुतलेल्या वजडीत, मुंडीत, रक्तीत. थोडक्यात, ज्या पदार्थाचं नाव काढल्यावर पंगतीतला निदान एक माणूस उठून जातो, तो पदार्थ नानांचा. आणि हाच माणूस घरात कुणी मोगऱ्याचा रूम फ्रेशनर मारला की नाकाला रुमाल लावून अंगणात जातो. ‘बाप्पा बाप्पा! काय हा वास! मानूस जगन कसा?’

नाक मात्र देवानं त्यांना असं दिलंय की बघत राहावं. लांब, सरळ, धारदार. 

आता समुद्र कुठे आणि अमरावती कुठे! अकोल्याहून मुंबई रेल्वेनं पावणेसहाशे किलोमीटरच्या वर, अमरावती त्याहून लांब. आमच्याकडे खारं म्हणून जे काही आहे ते पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं पाणी, आणि त्यात बोंबील सापडत नाहीत. तरीसुद्धा वऱ्हाडातल्या आठवडी बाजारात, भाजीच्या आणि किराण्याच्या पालांपासून जरा दूर, एका टोकाला पोत्यांवर सुकटीचे ढीग मांडलेले असतात. ते टोक शोधायला पत्ता लागत नाही. मिरगाच्या आधी शेतकरी बियाण्याबरोबर हीही बेगमी करून ठेवतो. पावसात भाजी मिळो न मिळो, सुकट, दोन कांदे, लसणाच्या पाकळ्या, तिखट आणि ज्वारीची भाकर एवढ्यावर दिवस निघतो. नानांनी शोधलेली वस्तू नाही ही. त्यांचा शोध वेगळा होता, आणि तो समजायला परतवाड्याला जावं लागतं.

परतवाड्याच्या वाड्यात नाना वाढले तेव्हा पंगतीला चौदा तोंडं होती. कोंबडं कापलं तर ते एकच. आजी वाढायला बसायची आणि वयाच्या उतरत्या क्रमानं तुकडे पडत यायचे. नानांपर्यंत मान पोचायची. जिलेबी आली तर अर्धी, आंबा आला तर कोय. अशा घरात एकटे आजोबा कोपऱ्यात बसून सुकट खायचे, कारण बाकी कुणाला तो वास सोसायचा नाही. एक दिवस नाना नाक दाबून त्यांच्याजवळ जाऊन बसले. वाटी भरून मिळाली. कुणी मागितली नाही, कुणी मोजली नाही, कुणी ‘धाकट्याले दे थोडीशी’ म्हणालं नाही. आठ वर्षांच्या मुलाला त्या दिवशी काय उमगलं असेल ते उमगलं. चव, मला वाटतं, नंतर आली.

पुढे नोकरीही तशीच मिळाली. रेल्वेत गार्ड, तोही मालगाडीचा, भुसावळ विभागात. मालगाडीचा ब्रेकव्हॅन म्हणजे पन्नासेक वाघिणींच्या शेपटीला बांधलेली एक खोली आणि त्या खोलीत एक माणूस. माना-कुरूमच्या लूप लाइनला गाडी उभी केली की दोन-दोन तास हलायचं नाव नाही. मेल पुढे, एक्स्प्रेस पुढे, मालगाडी सगळ्यांच्या मागे. ड्रायव्हर अर्धा-पाऊण किलोमीटर पुढे. अशा जागी नाना डबा उघडायचे. मुंबईकडचा माल त्यांना भुसावळला कल्याणवाल्या दोस्तांकडून मिळायचा. नाना निवृत्त झाले आणि नंतर, २०२२च्या जानेवारीत, रेल्वेनं गार्डाचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं. नाना म्हणतात, ‘मॅनेजरनं बोंबील खाल्ला असता तर चौकशी लागली असती. गार्ड होतो म्हनून निभलं.’

मधे काही वर्षं बदली अकोल्याला होती. जठारपेठेत खोली बघायला गेले. घरमालकानं आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग जरा घसा साफ करून, ‘तुमी खाता काय काय?’ नाना म्हणाले, ‘सरकारी मानूस हाओ जी, पगार खातो.’ खोली मिळाली नाही. हा किस्सा नाना हसून सांगतात, पण आपल्याकडे वासाच्या आडून काय विचारलं जातं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. शाहू पाटोळ्यांचं ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ हे मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्यावरचं पुस्तक २०१५ साली आलं, तेव्हा नानांनी ते मागवून वाचलं. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्यांवरचा मजकूर त्यांनी काकूंना मोठ्यानं वाचून दाखवला. काकू देवापुढे बसल्या होत्या.

काकूंची बाजूही मांडली पाहिजे. त्या नानांच्या तव्याला पस्तीस वर्षं शिव्या देत आल्या आहेत, आणि स्वतःचा खडा हिंग मात्र तीन डब्यांत एकात एक घालून ठेवतात. का? तर वास फळीवरच्या साखरेला लागू नये म्हणून. शेजारचे सुकटीच्या नावानं बोटं मोडतात आणि त्यांच्याच घरी मिरच्या भाजायला लागल्या की अख्खी गल्ली खोकते. पण ते खोकणं आपलं असतं.

गल्लीतल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी एकदा नानांना शास्त्रानं गप्प करायचं ठरवलं. समुद्रातल्या माशाला खाऱ्या पाण्यात टिकून राहायला अंगात एक पदार्थ बाळगावा लागतो. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथिल अमाइन करतात, आणि हा वास त्याचा. नदीच्या माशात तो पदार्थ जवळजवळ नसतोच, म्हणून अप्पर वर्ध्याच्या रोहूला असा वास येत नाही. चिंच किंवा लिंबू घातलं की आम्ल त्या अमाइनला बांधून ठेवतं आणि वास दबतो. नानांनी सगळं मन लावून ऐकलं. मग म्हणाले, ‘म्हंजे वास जिवानूचा हाय. मंग मासोळीले काहून शिव्या देता?’ आणि त्या दिवसापासून त्यांनी सुकटीत चिंच घालणं बंद केलं.

नानांच्या आयुष्यातला पहिला धक्का डब्यातून आला. भाचा अमेरिकेत मिनेसोटात असतो. १९३७ साली तिथल्याच हॉर्मेल कंपनीनं स्पॅम नावाचं डबाबंद मांस काढलं, आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी ते इतकं खाल्लं की पुष्कळांनी नंतर त्याचं नाव टाकलं. मूळ माल डुकराचा. पण भाच्यानं घरचा विचार करून टर्कीचा डबा आणला. ‘टर्की म्हंजे कोंबडीची मोठी बहीन,’ असं काकूंना समजावून नानांनी डबा महिनाभर कपाटात कुलुपात ठेवला. डबाबंद मांस म्हणजे वर्षानुवर्षं कोंडलेला वास, अशी त्यांची कल्पना. उघडायच्या दिवशी मला खास बोलावणं होतं. कडी ओढताच तुटली. मग पकड आली, स्क्रूड्रायव्हर आला. डबाबंद अन्नाची युक्ती १८१० सालची आणि डबा उघडायचं हत्यार निघालं त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी, तोवर लोक छिन्नी-हातोडी वापरत. नानांनी तो सगळा इतिहास ओट्यावर पुन्हा करून दाखवला.

आतून गुलाबी वडी निघाली. नानांनी नाक जवळ नेलं. परत नेलं. काहीच नाही! कापून तव्यावर टाकली तर लेकीकडची नातवंडं बैठकीतून पळत आली, टोमॅटो सॉसची बाटली आली, काकूंनीसुद्धा ‘नुसती चव’ म्हणून एक काप उचलला. पाच मिनिटांत डबा साफ. नानांच्या वाट्याला तळची जेली आली. परतवाड्याची कोंबडीची मान आठवली असावी, असा चेहरा झाला होता.

त्यानंतर ते स्वीडनबद्दल बोलू लागले. तिथे हेरिंग मासा आंबवून डब्यात भरतात, तो डब्यातही आंबत राहतो, झाकण फुगतं, आणि शहाणी माणसं तो उघड्यावर नेऊनच उघडतात. फुटायच्या भीतीनं २००६ मध्ये दोन मोठ्या विमान कंपन्यांनी तो विमानात न्यायला बंदी केली. हे कळल्यावर नानांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिली नव्हती. ‘विमानात नाई तर नाई. बोटीनं येऊ दे. वडाळी तलावावर नेऊन उघडू.’ विमानाचं सोडा, एसटीतही नानांचा अनुभव बरा नव्हता. अमरावती-अकोला रस्त्यावर २०२२च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला. त्याच रस्त्यावर नानांच्या पिशवीनं बडनेरा ते मूर्तिजापूर एवढ्यात बसचा मागचा अर्धा भाग रिकामा केला, त्याची नोंद कुणी घेतली नाही. नाना सांगतात, ‘आडवा होऊन झोपलो न बाप्पा मस्त.’

पण नानांना खरं हरवलं ते सुनेनं. मुलानं पुण्यात नोकरी करता करता लग्न जमवलं. सून सातपाटीची, कोळ्याच्या घरची. काकूंना वाटलं, आता घरात दोन तवे. नानांनाही आधी आनंदच झाला; आपल्या बाजूचं कुणीतरी आलं. पहिल्या रविवारी त्यांनी कौतुकानं कपाटातला बोंबलाचा पुडा काढून तिच्यापुढे ठेवला. तिनं एक बोंबील उचलला, मोडून पाहिला, हुंगला आणि सरळ म्हणाली, ‘बाबा, हा खराब आहे. इतका वास यायलाच नको. नीट वाळलेला बोंबील असा घाण मारत नाही.’

घरात सगळे स्तब्ध. नाना पन्नास वर्षं जो वास अभिमानानं मिरवत आले तो दमट हवेचा आणि जुन्या मालाचा होता! पुढच्या महिन्यात तिच्या माहेरून पार्सल आलं. हिवाळ्याच्या उन्हात बांबूच्या मांडवावर वाळलेले, कडकडीत बोंबील. तिनं ते नुसते भाजले, ठेचले, वर कच्चा कांदा आणि लिंबू पिळलं. मुलानं खाल्ले, नातवंडांनी खाल्ले, समोरच्या माडीवरची खिडकी उघडून ‘काय करून राहिले आज?’ अशी विचारणा झाली आणि एक वाटी तिकडेही गेली. अकोल्याच्या माळकरी व्याह्यांची नात सुट्टीला आली होती, तिनं तर आणखी मागितले. काकूंनी पदर नाकाला लावूनच, पण चटणी वाढली. नानांच्या ताटात अडीच बोंबील आले. सुनेनं समान वाटले होते, तिचं काही चुकलं नाही.

हल्ली रविवारी तवा सून चढवते आणि नाना पेपर वाचतात. कुणी हाक मारली तर येतात, थोडं खातात, ‘बरं झालं’ म्हणतात. पूर्वीचा उत्साह नाही. डॉक्टरांनी काही सांगितलंय का, असं मी काकूंना हळूच विचारलंही. त्या म्हणाल्या, ‘डाक्टर कायले? त्याईले वाटा पडला का भूक मरते.’

परवा सकाळी गेलो तर नाना अंगणात एकटेच खुर्ची टाकून बसले होते. हातात पितळी पेला, त्यात काळपट हिरवं काहीतरी. कारल्याचा रस, त्यात कडुनिंबाचा पाला वाटून आणि रात्रभर भिजवलेल्या मेथ्यांचं पाणी. दारातून नातवंडं तोंडं वाकडी करून बघत होती, सून हसत होती, काकूंनी देवघरातूनच कपाळावर हात मारला. नाना एकेक घोट घेत डोळे मिटत होते. बऱ्याच दिवसांनी चेहऱ्यावर तेज दिसलं.

‘भल्लं चांगलं लागते,’ ते म्हणाले. ‘पन हे सगळ्याईले नाई जमत.’

मी म्हटलं, ‘नाना, एक घोट मले द्या बरं.’

नानांनी पेला दुसऱ्या हातात घेतला आणि माझ्याकडे संशयानं पाहत विचारलं, ‘तुले कायले पायजे?’